सैल भरलेल्या कांड्या

दाजींनी मला फसवलं, हे आमच्या वडगावच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगत आलोय, वर्षानुवर्षं, चहाच्या टपरीवर, आवाज चढवून. मी आक्काला फसवलं, हे मात्र कुणालाच माहीत नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, खुद्द आक्काला नाही. म्हणजे — नसावं. त्या एका गोष्टीवर मी अजून अडलोय, तिथं नंतर येतो.

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही समोर नाही. समोर माणूस आला की माझी जीभ आपोआप सौद्याला बसते. आपलं थोडं झाकायचं, त्याचं थोडं उघडं पाडायचं. कागदाशी काय सौदा करणार?

मी साड्या विकतो. बाप मागावर बसायचा. सूत दुसऱ्याचं, साडी दुसऱ्याची, आपली फक्त पाठ. मी बसलो नाही. विशीत सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधला आणि बेळगुंदीपासून नंदगडपर्यंत दारोदार हिंडलो. दार लावून घेणाऱ्या बाईलासुद्धा ओट्यावर साडी पसरून दाखवायचो. दार परत उघडायचं. आज माझं दुकान आहे, घराला लागून दोन पॉवरलूम आहेत. कुणाच्या मेहेरबानीनं नाही. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की घरातले लोक ते ऐकताना दुसरीकडं बघतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. निपाणीत तंबाखूच्या वखारीवर दिवाणजी होते, बाजारात त्यांचा शब्द चालायचा. सायकल मारून माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनीच, स्वतःहून, सांगितलं होतं की बाजारपेठेत एका ओळखीच्या दुकानापुढचा कट्टा तुला मिळवून देतो, बाजारच्या दिवशी माल घेऊन ये. मी गेलो. कट्ट्यावर त्यांचा चुलतभाऊ बसलेला — साड्याच घेऊन. मी तडक घरी गेलो जाब विचारायला. दाजी जेवत होते. आत ये म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याबाहेर, खांद्यावर गठ्ठा, आणि आक्का चौकट धरून उभी. ती एक शब्द बोलली नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, ती माझ्या चपलांकडं.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. राग त्यांच्याबरोबर जायला हवा होता ना? गेला नाही. मग तो राग नक्की कुणावर होता? — हे मला त्या उन्हाळ्यात कळलं, ज्या उन्हाळ्यात सगळ्यांना घरात कोंडलं गेलं.

लॉकडाऊन लागायच्या पाच-सहा दिवस आधी माझ्या सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मालन, माझी बायको, नंदगडला माहेरी गेली. आमची आई दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली. डावं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, शुद्ध मात्र पुरी. तिचं कोण करणार? मी आक्काला निपाणीहून बोलावलं. आठ दिवसांसाठी. एका पिशवीत दोन लुगडी घालून ती आली, आणि त्या आठवड्यातच सगळं बंद झालं. मुलगा नोकरीपायी पुण्यात अडकला. नंदगडच्या लोकांनी रस्त्यावर दगड-फांद्या टाकून गाव बंद केलं. आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. घरात उरलो तिघं — अंथरुणावर आई, आक्का आणि मी.

तुम्ही वडगावात राहिला नसाल तर तुम्हाला ते समजणार नाही. इथं माग कधी थांबत नाहीत. खटखट ऐकतच आम्ही जन्मतो, तिच्यातच झोपतो. ती बंद झाली तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं माझे कान गेले. शेजारच्या घरात कुणी भांडं ठेवलं तरी ऐकू यायचं. कोण खोकलं, तेही. खोकला ऐकला की सगळ्या खिडक्या गप्प.

दिवसभर बोलणारा, भाव करणारा माणूस मी. मला गिऱ्हाईक लागतं. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी यायचा, बांबूपलीकडून पिशवी द्यायचा. भाव केला तर म्हणायचा, नको असंल तर ठेव. ठेव! मला! मी घरी येऊन भाजी मिठाच्या पाण्यात आपटायचो. दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायचो. चार दिवसांतून एकदा नळाला पाणी, ते पिंप, घागरी, कळशी, शेवटी ताटल्यांतसुद्धा भरून ठेवायचो. आणि मग? मग काय करायचं? दारापासून परसापर्यंत तेवीस पावलं. मी ती मोजली होती.

शेवटी सौदा केला तो आक्काशीच. घरातली कामं आम्ही वाटून घेतली. खरं म्हणजे मी वाटली. आक्का नको म्हणत होती, बाप्यानं कशाला भांडी घासायची. मी म्हटलं, भांडी माझी, झाडलोट माझी, पाणी माझं, कपडे पिळून वाळत घालणं माझं. एकेक काम मी उदारपणे आपल्याकडं ओढत गेलो. आक्का हसत म्हणाली, "शंकऱ्या, मालनला सांगू नको रं, न्हायतर जन्माचा अडकशील." मीही हसलो. वाळलेले कपडे मी दुकानातल्या साड्यांसारखे घडी घालून रचायचो, आईची पातळं, आक्काची लुगडी, माझे बनियन, सगळ्यांच्या कडा एका रेषेत. आक्का त्या ढिगाकडं बघून म्हणायची, आता ह्याला लेबल लाव.

पण ह्या सगळ्याच्या बदल्यात मी काय घेतलं, ते तिनं कधी विचारलं नाही. मी आईचं काही करणार नाही, एवढंच मला हवं होतं. तिला कुशीवर वळवणं, तिचं घाण झालेलं काढणं, पुसणं, पावडर लावणं — ते सगळं आक्काचं. सौदा करणारा माणूस ज्या वस्तूवर डोळा आहे तिचं नाव शेवटपर्यंत घेत नाही. मीही घेतलं नाही. आक्का आईच्या खोलीत गेली की मी परसात जाऊन भांडी जोरजोरात घासायचो, आवाज यायला नको म्हणून. ज्या बाईनं माझं सगळं केलं तिला मी हात लावू शकत नव्हतो. लाज वाटत होती की किळस येत होती? — दोन्ही. आईला ते समजत होतं. मी खोलीत गेलो की ती पदर सावरायला उजवा हात हलवायची.

आता रेखाचं सांगायला पाहिजे. रेखा आक्काची एकुलती एक मुलगी. कागलजवळच्या एका गावात दिलेली, म्हणजे निपाणीपासून हाकेच्या अंतरावर, पण मधे राज्याचा नाका. एरवी तो नाका आम्हाला दिसतसुद्धा नाही. लग्नं, बाजार, दवाखाने, सगळं इकडून तिकडं चालू असतं. त्या उन्हाळ्यात तिथं पोलीस उभे राहिले आणि आमची सोयरीक परराज्यातली झाली. रेखाला दिवस गेलेले, पहिलंच बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला निपाणीला आणायचं ठरलेलं, ते राहिलं. मग आक्कानंच तिकडं जायचं, असं ठरलं. फोनवर रेखा रोज एकच विचारायची, आई, कधी येतीस?

जायला पास लागत होता. अर्ज मोबाइलवर करायचा. मी केला. खरंच केला, तो दिवस माझा खोटेपणाचा नव्हता. ओळखीचा गाडीवाला ठरवला, पलीकडं जावई मोटारसायकल घेऊन नाक्यावर उभा राहणार होता. आक्का रोज सकाळी अंगण झाडता झाडता विचारायची, आलं काय रं काय? मी म्हणायचो, सरकारी काम आहे, येईल.

वाट बघून तिचा जीव कासावीस व्हायला लागला, तेव्हा तिनं मागच्या खोलीतल्या हातमागाची धूळ झटकली. आई आजारी पडेपर्यंत त्या मागावर हौसेनं विणायची, तिचा ताणा, म्हणजे उभं सूत, तसाच मागावर चढवलेला होता. आमच्या घरची एक रीत आहे: लेकीच्या पहिल्या बाळाच्या पाळण्याला माहेरच्या मागावरचं कापड. आणि त्या कापडाचा एक नियम आहे. ज्यानं पहिला धोटा टाकला — धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारं लाकूड — त्यानंच कापड उतरवायचं. मधे हात बदलायचा नाही, अर्धं कापायचं नाही, आणि ते उतरल्याशिवाय विणणाऱ्यानं गाव सोडायचं नाही. हात बदलला की ठोका बदलतो, कापडात आडवी रेघ दिसते, हे कुणीही विणकर सांगेल. बाकीचं आमच्या बायकांनी धरलेलं आहे.

आक्का विणायला बसली. लग्नाआधी ती गल्लीत सगळ्यात सफाईनं विणायची. हात विसरले नव्हते. कांड्या भरायचं काम माझ्याकडं आलं. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची छोटी नळी, तिच्यावर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. गल्लीत ते बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम. चरखा घेऊन मी दारात बसलो की समोरच्या खिडकीतून सुशीलावहिनी विचारायच्या, काय भावजी, हळदी-कुंकवाला कधी बोलावताय? मी चिडायचो. पण खरं सांगू? त्या बंद घरात माग परत वाजायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा श्वास आला. आईसुद्धा खोलीतून कान देऊन ऐकायची. आक्का विणायची, मी कांड्या भरायचो, आई ऐकायची. आमचं एवढं जमलेलं घर मी लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि मग पास आला.

सकाळी मी पाणी भरत होतो, मोबाइल वाजला. मेसेज इंग्रजीत. धंद्यापुरतं मला वाचता येतं. आक्काचं नाव, गाडीचा नंबर, मंजूर. तो दिवस आणि दुसरा दिवस, तेवढीच मुदत. पाइप पिंपातून बाहेर पडला, पाणी पायावर वाहत होतं, आणि मी तो मेसेज परत परत वाचत होतो.

मालनचा आदल्याच दिवशी फोन झाला होता. नंदगडचा रस्ता उघडला होता, पण वडलांना सोडून निघायला तिला अजून पंधरा दिवस हवे होते. पंधरा दिवस. म्हणजे आक्का गेली की पंधरा दिवस आई आणि मी. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. सुशीलावहिनींना बोलावता आलं नसतं का? आलं असतं. मालनला आठ दिवसांत ये म्हणून सांगता आलं नसतं का? आलं असतं. मला स्वतःला शिकता आलं नसतं का? मी काय काय शिकलो नव्हतो आयुष्यात?

मी मोबाइल गादीवरच्या उशीखाली सारला आणि मागच्या खोलीत गेलो. आक्कानं विचारलं, आलं काय रं? मागावर कापड किती राहिलंय ते मी बघितलं. चार हात राहिलं होतं. म्हटलं, नाही अजून.

लगेच मी स्वतःला सांगितलं, हे खोटं नाही. चार हात राहिलंय. नेटानं बसली तर उद्या संध्याकाळपर्यंत उतरेल. मुदत उद्यापर्यंत आहे. कापड उतरलं की सांगू. अर्धं कापड सोडून आक्का तशीही निघाली नसती, रीतच आहे तशी. मी तिला रीत मोडायला लावायची का? — बघा, किती चांगलं कारण सापडलं मला. आणि मी ते तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं ना.

इथवर मी स्वतःपाशी पुष्कळदा आलोय. इथवरचं सांगायला तितकं जड जात नाही. उशीर झाला, विसरलो, रीत आडवी आली — माणसं एवढं माफ करतात. ह्याच्यापुढचं सांगायचं आहे.

आक्का त्या दिवशी झपाट्यानं विणत होती. काय झालं होतं कुणास ठाऊक, तिला वाटत होतं आज-उद्या पास येणार, कापड तयार असलं पाहिजे. दुपारपर्यंत दीड हात उतरलं. मी दारात चरख्यापाशी बसून ठोके ऐकत होतो. ह्या वेगानं दुसऱ्या दिवशी दुपारीच कापड निघालं असतं. दुपारी. म्हणजे मुदतीच्या आत. म्हणजे मी जे कारण शोधून ठेवलं होतं, ते टिकणार नव्हतं.

मी कांड्या सैल भरल्या.

विणकर नसाल तर ह्यात काय मोठं, असं वाटेल. कांडी भरताना सूत दोन बोटांत ताणून धरावं लागतं. बोटं ढिली सोडली की सूत कांडीवर भुसभुशीत बसतं. वरून दिसत नाही. ती धोट्यात घातली की चार-पाच फेऱ्या नीट जातात आणि मग सुताचा गुंताच्या गुंता एकदम सुटतो. माग थांबवायचा, गुंता काढायचा, तुटलेलं टोक जोडायचं, गाठ मारायची, परत बसायचं. आक्काचा ठोका अडखळायला लागला. खट, खट, खट — आणि थांबला. परत सुरू. परत थांबला. मी दारात बसून दोन बोटं ढिली सोडत होतो. मुद्दाम. पाच नाही, दहा नाही, त्या दुपारपासूनच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या कांड्या. एकदा तिनं आतून विचारलं, सूत जुनं हाय काय रं? मी म्हटलं, आईच्या वेळचं आहे.

कापड तिसऱ्या दिवशी सकाळी उतरलं. आक्कानं कात्रीला हळद-कुंकू लावून ते कापलं, आईच्या अंथरुणापाशी नेलं, तिच्या उजव्या हाताखाली ठेवलं. आईनं बोटांनी चाचपलं. मग माझ्याकडं बघितलं. मी परसात गेलो.

आठवडाभरानं मी आक्काला सांगितलं, पास नामंजूर झाला. ती म्हणाली, परत कर की रं. मी म्हटलं, केला. तो मी केला नव्हता.

रेखा बाळंत झाली ती पास आल्यापासून अकराव्या दिवशी, पोट फाडून. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली आणि सासऱ्याला ताप भरला. तपासणीत निघालं ते निघालंच. रेखाला आणि बाळाला माडीवरच्या खोलीत ठेवलं. जेवण दाराबाहेर ठेवायचे. पोटाला टाके, बाळाला पाजायला जमत नाही, आणि बाई माणूस कुणी जवळ नाही. तिचा फोन आला. आक्कानं मला तो स्पीकरवर लावायला लावला, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

रेखा विचारत होती, बाळाला अंघोळ कशी घालू? आक्का जमिनीवर पाय पसरून बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. म्हणाली, असं पायावर पालथं घे, मान अशी धर, पाणी कोपरानं बघ. आणि ती ते करत होती. पायांवर बाळ नव्हतं. ती तेल चोळत होती, पाठ थापटत होती, ओंजळीनं पाणी सोडत होती, कान झाकत होती. पलीकडून बाळ रडलं तेव्हा तिनं मोकळ्या पायांना हात घातले आणि उचलून छातीशी धरलं. तिथं काही नव्हतं. मी दारात उभा होतो, चौकट धरून.

त्याच वेळी मला ते आठवलं. चौकट. दाजींचं घर. तेव्हा तू गप्प बसलीस ना? — आज मी गप्प बसलो. एवढा नीच विचार माझ्या मनात त्या क्षणी आला आणि, खोटं सांगत नाही, त्यानं मला थोडं बरं वाटलं. इतकी वर्षं वसूल करायचं राहिलेलं काहीतरी हातात आल्यासारखं. मग आक्कानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू हायस म्हणून फोन तरी लागतोय रं."

मालन आली, लॉकडाऊन सैल झाला, पावसाळ्यात आई गेली. तिच्या शेवटच्या दिवसांतही मी तिला कुशीवर वळवलं नाही. नाके उघडले तशी आक्का पाळण्याचं कापड घेऊन रेखाकडं गेली. दोन दिवसांत परत आली. कापडही परत आलं. रेखाच्या शेजारणीची आई चिकोडीहून त्याच नाक्यातून, त्याच दिवसांत, पास काढून आली होती आणि महिनाभर राहिली होती. रेखानं आईला विचारलं की तिला पास मिळाला, तुला कसा मिळत नाही? आणि स्वतःच उत्तर दिलं होतं: तुला तुझं माहेर जवळचं, तुझी आई जवळची, मी नाही.

आक्का तेव्हापासून आमच्याकडंच आहे. निपाणीच्या घराला कुलूप आहे.

वाटलं तर मी तेव्हा बोलू शकत होतो. एक वाक्य होतं. त्याऐवजी मी काय केलं? मी रागावलो. मला दुसरं काय येतं? टपरीवर नाक्याला शिव्या दिल्या, पासवाल्यांना दिल्या, दोन्हीकडच्या सरकारांना दिल्या, आमच्या बायकांची ताटातूट केली म्हणून. लोक माना डोलवायचे. बोलता बोलता माझा स्वतःचाच विश्वास बसायचा. आणि दोन वर्षांनी मच्छेच्या एका कार्यालयात नात्यातल्या लग्नात मला आणि आक्काला रेखा दिसली, तेव्हा पंगतीत, पन्नास माणसांदेखत, मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आईला असं तोडतात काय? कुठल्या तोंडानं जेवतीस? जाब दे.

रेखा ताटावरून उठली. मुलीचा हात धोट्यासारखा घट्ट मुठीत धरला आणि चालू लागली. ती मुलगी मागं वळून आक्काकडं बघत होती, कुणीतरी अनोळखी म्हातारी रडतेय म्हणून. आक्का तिच्यामागं कार्यालयाच्या दारापर्यंत गेली आणि पाठमोऱ्या रेखाला एवढंच बोलली. मी ऐकलं.

"पास आला असता तर कापड अर्धं कापून आले असते गं. रीत मोडून आले असते."

तुम्ही बघितलंत? माझ्याकडं एकच कारण होतं. ते तिनं, न मागता, सगळ्यांसमोर काढून घेतलं. त्यानंतर रेखाचा सणासुदीचा फोनही बंद झाला.

आता ती गोष्ट, जिच्यावर मी अडलोय. गेल्या उन्हाळ्यात ट्रंक आवरताना आक्कानं ते कापड बाहेर काढलं, उन्हात टाकायला. तिची नजर आता कमी झालीय, पण बोटं विणकराची आहेत. ती कापडावरून बोटं फिरवत गेली, आणि शेवटच्या भागात थांबली. परत मागं गेली, परत तिथंच आली.

"शेवटच्या दोन-तीन हातांतच गाठी लई पडल्यात रं," ती म्हणाली. "कांड्या कुणी भरलत्या?"

मी म्हटलं, मीच.

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती कापडाकडं. मग तिनं ते घडी घातलं, मी घालतो तसं, कडा जुळवून, आणि म्हणाली, "तुला कुठली सवय होती म्हणा." आणि ट्रंकेत ठेवून दिलं.

पहिल्या कांड्या मीच भरल्या होत्या, हे तिला आठवत नसेल का? त्या पहिल्या भागात एकही गाठ नाही, हे तिच्या बोटांना कळलं नसेल का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मेसेज अजून जुन्या मोबाइलमध्ये आहे. तो मोबाइल मी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, चार्ज करून. का ठेवलाय, तेही माहीत नाही.

आयुष्यभर मी जाब मागत आलो. दाजींना मागितला, नाक्याला मागितला, त्या पोरीला भरल्या पंगतीत मागितला. ज्यानं द्यायचा तो माणूस रोज माझ्याच चपला घालून दुकान उघडतो. तेव्हा त्याच आवाजात, एकदा, त्याला विचारतो. शंकर, पाणी पायावर वाहत होतं आणि मेसेज तुझ्या हातात होता. आक्का आत बसली होती. दोन बोटं तू का ढिली सोडलीस? सूत जुनं होतं म्हणू नकोस. रीत होती म्हणू नकोस. दाजींचं नाव काढू नकोस.

बोल.